वालूरच्या बारवेसाठी जवळपास सात हजार डॉलरचे कार्ड कशाला?

परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव शेकडो फोटो जोडून संगणकावर त्रिमितीत उभी करायची, तर वर्कस्टेशनचेच ग्राफिक्स कार्ड हवे, हा समज फार महागात पडतो. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०९० आणि आरटीएक्स ६००० एडा ही दोन्ही कार्डे २०२२ची. मूळ चिपही एकच, एडी १०२. मुख्य फरक मेमरीचा: पहिल्यात २४ जीबी, दुसऱ्यात ४८. दुसरे वीजही कमी खाते, ४५० वॅटऐवजी ३००. पण अमेरिकेतील सुरुवातीची किंमत? १,५९९ डॉलर विरुद्ध सुमारे ६,८०० डॉलर! एका बारवेला २४ जीबी पुरते. मोठे मॉडेल तुकड्यांत करता येते. वाचलेल्या पैशांत रॅम वाढवावी, चांगला यूपीएस घ्यावा. गावाकडच्या विजेचा काय भरवसा! एखादे एआय मॉडेल २४ जीबीत मावतच नसेल, तर मात्र ६००० एडाचा विचार करावा.