अठ्ठेचाळीस सीसीची चैन

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि त्याच दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये मला एक नवी पदवी बहाल झाली. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला; त्याहून मोठ्या मोटरसायकलींवरचा, जो अधिभार धरून ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. या चाळीस टक्क्यांच्या पंगतीत खासगी वापराची विमाने आहेत, यॉट आहेत, पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर आहेत. अर्थशास्त्राच्या सहकाऱ्याने वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "सर, तुम्ही आता चैनी लोकांत जमा." माझ्या गाडीचे इंजिन ३९८ सीसीचे आहे. म्हणजे शासनाच्या लेखी माझी गरज साडेतीनशेपाशी संपते आणि वरचे अठ्ठेचाळीस सीसी ही माझी चैन ठरते.

गाडी मी २०२३च्या दसऱ्याला घेतली होती, त्यामुळे नव्या कराची झळ माझ्या खिशाला लागली नाही. झळ लागली ती त्या शब्दाची. मराठीत 'चैन' हा मोठा मजेदार शब्द आहे. आपण चैन करतो तेव्हा तो उधळपट्टीचा वाचक असतो. आपल्याला चैन पडत नाही तेव्हा तोच शब्द मनाच्या स्वास्थ्याचा वाचक होतो. एक चैन निषिद्ध आणि दुसरीवाचून जगणे अवघड. कर आकारणाऱ्यांना अर्थातच पहिलीच ठाऊक असते. शिवाय मोटरसायकल बाळगणाऱ्याच्या नशिबी तिसरी एक 'चेन' असते. ती दर पाचशे किलोमीटरला साफ करून तिला वंगण द्यावे लागते. तिच्याविषयी पुढे लिहीनच.

ज्या जातीच्या गाडीविषयी मी लिहितो आहे, तिला जगभर 'नेकेड' म्हणतात. हँडलपुढे वारा अडवणारी काच नाही, इंजिनावर प्लॅस्टिकचे कवच नाही. सांगाडा, इंजिन, रेडिएटर, नळ्या, तारा सगळे उघड्यावर. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा चाळा मी काही दिवस करून पाहिला. विश्वकोशाच्या गावात, वाईला, शिकवायला जात असल्यामुळे असे चाळे अंगवळणी पडले आहेत. 'नग्न' म्हटले की अश्लीलतेचा वास येतो, 'नागडी' हसू आणते, 'अनावृत' शब्द प्रबंधातून पळून आल्यासारखा वाटतो. शेवटी 'उघडी' या साध्या शब्दावर मी थांबलो. पण खरी गोष्ट अशी की, आपल्याकडे या शब्दाची कधी गरजच पडली नव्हती. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्याकडे राजदूत होती. ती उघडीच होती. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ज्या आरएक्स-१००साठी मुले जीव टाकत, तीही उघडीच. १९८०नंतर शर्यतीच्या धर्तीवर कवच घातलेल्या गाड्या रस्त्यावर रूढ झाल्या, तेव्हा मागे राहिलेल्यांना 'नेकेड' म्हणायची पाळी आली. सगळेच उघडे असतात तेव्हा कुणीच उघडे नसते.

मोटरसायकलविषयी आपल्याकडे दोनच भाषांत बोलले जाते, असे माझे निरीक्षण आहे. एक भाषा 'किती देते?' या प्रश्नाची. दुसरी लडाखची. पहिलीत गाडी हे पेट्रोलचे किलोमीटरांत रूपांतर करणारे यंत्र असते आणि दुसरीत ती मोक्षाचे साधन असते. मध्ये काही नाही. साहित्याचीही गत फारशी वेगळी नाही. रॉबर्ट पिर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४चे पुस्तक आमच्या पिढीच्या कित्येकांनी वाचले, निदान कपाटात ठेवले. ज्या प्रवासावर ते आधारलेले आहे तो त्याने ३०५ सीसीच्या होंडावर केला होता. गाडी मध्यम आकाराची आणि उघडी. (आजच्या हिशोबाने ती १८ टक्क्यांत बसली असती, चे गव्हेराची पाचशे सीसीची नॉर्टन मात्र चाळीस टक्क्यांत गेली असती, ही गंमत मी अर्थशास्त्राच्या सहकाऱ्याला ऐकवली आहे.) पण पिर्सिगचा तो प्रवासही सतरा दिवसांचा आणि उन्हाळ्यातला. अठराव्या दिवशी काय होते? मिनेसोटात बर्फ पडतो तेव्हा ती गाडी काय करते? प्रवासाचे साहित्य पुष्कळ आहे. त्याच गाडीवर बारा महिने तीच पस्तीस किलोमीटर सकाळ-संध्याकाळ काटण्याचे मात्र जवळजवळ नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, गाडी कळायची असेल तर ती या दुसऱ्या रीतीनेच कळते आणि ती गरज की चैन याचा निवाडाही तिथेच करावा.

माझा रस्ता सातारा ते वाई. लिंब फाटा, आनेवाडी, पाचवडला महामार्ग सोडायचा आणि डावीकडे वळायचे. २६ हजार किलोमीटर झाले.

उन्हाळ्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. काळे सीट तापते, टाकी तापते. आणि पाण्याने थंड होणाऱ्या कुठल्याही उघड्या गाडीत असते तसे, साताऱ्याच्या गर्दीत वेग मंदावला की रेडिएटरचा पंखा सुरू होऊन गरम वारा थेट मांड्यांवर येतो. पेपर तपासणीच्या दिवसांत दुपारी दोनला घरी परतताना मी बसथांब्यावरच्या माणसांकडे असूयेने पाहिले आहे. वाऱ्याने गार वाटते हेही चाळीस अंशांपर्यंत खरे नसते. त्यापुढे वारा भट्टीतून येतो आणि अंग झाकून घेतलेलेच बरे पडते, हे शेतात डोक्याला फडके गुंडाळून राबणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

पावसाळा मात्र या गाडीची आणि तिच्या मालकाची खरी परीक्षा. स्कूटरला पायांपुढे ढाल असते, सीटखाली डिकी असते. माझ्या गाडीत मूठभर कागद ठेवायला जागा नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मी खताच्या प्लॅस्टिक पिशवीत बांधून पाठीवर नेले आहेत. देखणेपणाच्या हव्यासापायी या गाड्यांची मागची बाजू आखूड ठेवतात. दीडशे मिलिमीटर रुंदीचे मागचे चाक सगळा चिखल उचलून पाठीवर रेषा ओढते. पुढचे चाक तोच चिखल रेडिएटरच्या जाळीत भरते आणि तो दर आठवड्याला मऊ ब्रशने काढला नाही तर पाणी तापू लागते. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या पावसात साबणासारख्या होतात. हेल्मेटची काच आतून धुरकटते. तरीही जुलैतल्या एखाद्या सकाळी, पाचवडहून वळल्यावर, पाऊस नुकताच थांबलेला असतो, भाताच्या खाचरांचा वास येतो आणि मांढरदेवच्या डोंगरावर ढग टेकलेले असतात. गाडीच्या काचेतून हे दृश्य दिसते. वास येत नाही, आणि ओढ्यावरच्या गारव्यातून आपण आत शिरलो आणि बाहेर पडलो हे कळत नाही. माझ्या रस्त्यावर अशा गार पट्ट्या पाच आहेत, आणि हे मला चारचाकीच्या अकरा वर्षांत समजले नव्हते. याला कुणी काव्य म्हणेल. मी ते माहितीत धरतो. अशी माहिती अंगाला लागल्याशिवाय मिळत नाही.

आणि अंगाला लागणे म्हणजे काय, हेही आता लिहिले पाहिजे.

जानेवारी २०२५. महाविद्यालयातली बैठक लांबली आणि निघायला सात वाजून गेले. गळीत हंगाम ऐन भरात होता. आमच्या भागात या दिवसांत एका ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून नेतात. त्या रुंदीला आणि उंचीला इतक्या भरलेल्या असतात की मागचा दिवा असला तरी उसाआड जातो. त्या रात्री दिवाही नव्हता आणि लाल पट्टीही. समोरून आलेल्या गाडीच्या झोतात माझे डोळे दिपले आणि ते निवळले तेव्हा उसाची काळी भिंत वीस पावलांवर उभी होती. ब्रेकने त्याचे काम केले. चाक अडकले नाही. पण मी ट्रॉली चुकवायला बाजूला वळलो तिथे ओले पाचट आणि माती सांडलेली होती. गाडी उजवीकडे पडली, मी तिच्यापुढे घसरत गेलो. खांद्याजवळचे हाड मोडले. हेल्मेटच्या हनुवटीला बोट जाईल एवढी खोल चीर पडली, आणि ती चीर नसती तर ती कुठे असती याचा विचार मी पुढे कित्येक रात्री केला. सहा आठवडे हात गळ्यात होता. मिस्त्रीने गाडी पाहिली आणि माझ्या समाधानासाठी म्हणाला, "सर, गाडीला काय नाय झालं. लिव्हर वाकलाय आणि आरसा गेलाय."

या सगळ्यात घरची बाजू मी टाळणार नाही. पत्नी रुग्णालयात काही बोलली नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, विकून टाका ती. मी आत्तापर्यंत कधी कशाला नाही म्हटलं नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती; म्हणजे शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. हे आकडे मी आधीही वाचले होते. खांदा बांधलेल्या माणसाला ते वेगळे वाचता येतात. मी काळजीपूर्वक चालवतो, हा युक्तिवाद ट्रॉलीच्या दिव्यापुढे टिकत नाही, कारण तो दिवा माझ्या हाती नाही. मग गाडी ठेवण्याचे समर्थन कशाच्या आधारावर करायचे? गरज म्हणावी, तर सातारा-वाई एसटी धावते. स्वस्त म्हणावे, तर त्यापेक्षा निम्म्या पेट्रोलात चालणारी गाडी शेजाऱ्याकडे आहे. तेव्हा मी शासनाशी वाद घालताना गरजेचे जे वकीलपत्र घेतले होते, ते गुपचूप परत केले.

तडजोड झाली ती अशी: नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. बैठक असेल त्या दिवशी एसटी. बारा महिने गाडी चालवतो असे मी म्हणतो, त्यात ही पाच महिन्यांच्या संध्याकाळची खिंडारे आहेत, हे वाचकांपासून लपवणे बरे नव्हे. एसटीच्या खिडकीतून मी त्या ट्रॉल्या मोजतो. त्यांतल्या उसाची साखर होते, आणि इथेनॉलही. २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे माझी गाडी पूर्वी तीस देत असे ती आता अठ्ठावीस देते. (शेवटी 'किती देते'च्या भाषेत मीही बोललोच.) ज्या उसावर मी जवळजवळ आदळलो, त्याचाच काही अंश तेरा लिटरच्या टाकीत भरून मी रोज सकाळी कामाला जातो. या योगायोगाचे काय करावे ते मला अजून कळलेले नाही. शेतकऱ्याच्या उसावर रागावता येत नाही आणि ट्रॅक्टरवाल्याला दिव्याचे विचारावे तर तो टनाचा हिशोब सांगतो, जो खोटा नसतो. पण एका लाल परावर्तक पट्टीची किंमत काही रुपये असते, आणि ती लावून घेण्याची सक्ती हंगामाच्या पहिल्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर करता येण्यासारखी आहे. ज्यांनी अठ्ठेचाळीस सीसी मोजले त्यांनी हेही मोजावे.

राहिली चेन. या गाडीला डबल स्टँड नसतो. मागचे चाक उचलायला वेगळा स्टँड घ्यावा लागतो. रविवारी सकाळी अंगणात गाडी त्यावर चढवायची, दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक कडी घासायची, पुसायची, मग आतल्या बाजूने वंगण मारायचे. इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवायचे, कारण इंजिन चालू ठेवून बोटे गमावलेली माणसे आहेत. चेन खालून बोटाने दाबून ढिलाई पाहायची. फार ताणलेली चालत नाही, फार सैलही चालत नाही. कवच नसल्यामुळे बाकीचेही डोळ्यांसमोर असते: कुठे तेलाचा ओलावा आहे, कुठला बोल्ट गंजतो आहे. पाऊण तास जातो. एका हाताने चाक फिरवून दुसऱ्याने वंगण मारणे खांदा मोडल्यानंतर काही महिने मला जमत नसे, तेव्हा पत्नी येऊन चाक फिरवू लागली. खांदा केव्हाच बरा झाला. तिचे येणे चालू आहे. "विकून टाका" हे ती अजूनही म्हणते. चाक फिरवता फिरवता म्हणते.