फोटो घ्या, पण फूल राहू द्या!

पाऊस ओसरायला लागला की कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "या रविवारी कुठे?" कुणी कास म्हणतं, कुणी हरिश्चंद्रगड, कुणी घरामागची टेकडी. सोनकीने उतार पिवळे झालेले, तेरडा गुलाबी, त्यावर फुलपाखरं. अशा वेळी मोबाइल बाहेर निघणारच, आणि निघायलाच हवा. प्रश्न आहे तो फोटो कसा काढतो याचा.

कासचं पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण तिथली माती म्हणजे जांभ्या दगडावरचा पातळ थर. त्यावर उगवणारी सोनकी, तेरडा, सीतेची आसवं एका हंगामाचीच पाहुणी. फुलायचं, बी धरायचं आणि संपायचं. बी पडायच्या आधी कुणी त्या ताटव्यात आडवं होऊन रील काढलं, तर पुढच्या वर्षीचा बहरच चिरडला जातो. "माझ्या एकट्याने काय होतंय?" असं प्रत्येक जण म्हणतो, आणि महिन्याभरात तिथे पायवाट तयार होते.

फुलपाखरांचंही तसंच. ऊन खाऊन अंग तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. म्हणून सकाळी ती पंख उघडून निवांत बसतात. हीच फोटोची उत्तम वेळ. हळू जा, खाली वाका, आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. पाठलाग करायची गरजच नाही. त्यापेक्षा झाड ओळखा. रुई दिसली की प्लेन टायगर आसपास असतंच. २०१५ मध्ये आपल्या राज्याचं फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पानं खातात. म्हणजे परसातल्या लिंबाकडेही नीट बघायला हरकत नाही!

आणि फोटो फक्त स्टोरीपुरता का ठेवायचा? पंखांची वरची आणि खालची बाजू, झाडाचं फूल आणि पान असे फोटो तारखेसह आयनॅचरलिस्टवर टाकले, तर ती अभ्यासकांना उपयोगी पडणारी नोंद होते. मात्र कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ वनस्पती सापडली, तर नेमकं ठिकाण सोशल मीडियावर जाहीर करू नका. तिचे कंद उकरून नेणारेही आपले फॉलोअर असू शकतात.

कॉलेजांच्या फोटोग्राफी स्पर्धा आता सुरू होतील. परीक्षकांनी "कॅमेरा कुठला?" याच्या आधी "फोटो काढला कसा?" हे विचारावं. फूल तोडून, फुलपाखरू पकडून किंवा फ्रीजमध्ये गारठवून काढलेला फोटो कितीही शार्प असला तरी सरळ बाद करावा. नेचर क्लबनेही चाळीस जणांची झुंड नेण्याऐवजी आठ-दहा जणांचे गट करावेत आणि पायवाट सोडू नये. नियम साधे आहेत, ते पाळायला डीएसएलआरसुद्धा लागत नाही.