निजावयाची जागा

घर बांधताना देवघर कोणत्या दिशेस यावे, स्वयंपाकघरास उजेड कोठून मिळावा, पाहुण्यांस बसवावे कोठे, याची चर्चा महिनोन् महिने चालते. कोणी कोठे निजावयाचे, हा प्रश्न मात्र सर्व वाटणी झाल्यावर, आणि बहुधा मुकाट्यानेच, सुटतो. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्यांपैकी पहिल्याची आपण जेवढी चिंता वाहतो, तिच्या दशांशानेही दुसऱ्याची वाहत नाही.

आमच्याच घरची हकीकत सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या सूनबाई चिडखोर होत चालल्या आहेत, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत पडले होते; त्या वडीलधाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. डोकेदुखीसाठी त्यांना डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी पथ्यपाण्याच्या आधी विचारले, "निजता कोठे?" उत्तर आले, "वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत."

पुढे मुलगा व सूनबाई एका लग्नासाठी परगावी गेले असता, गुडघ्यांची समजूत घालून आम्ही त्या खोलीत एक रात्र काढली. बारा वाजून गेले तरी डोळ्यास डोळा लागला नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा सहज 38 अंशांवर जातो. छताचा स्लॅब ते ऊन दिवसभर पितो आणि रात्री सावकाश खोलीत ओकतो. वस्तुतः झोपेची वेळ झाली की शरीराची आतील उष्णता उतरू लागते. हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून ती बाहेर टाकतात. भोवतालची हवा व भिंतच तापलेली असली, तर हे काम अडते. झोप लागली तरी गाढ होत नाही, पुनःपुन्हा मोडते. कोकणात व मुंबईस तर दमट हवेने घामही वाळत नाही. नागपूर-अकोल्याकडचा कूलर तेथे नेला तर तो ओल मात्र वाढवील. तेथे पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्या हाच उपाय.

दुसरा शत्रू जिन्यातील ट्यूबलाइट. दाराच्या काचेतून तिचा पांढरा उजेड थेट उशीवर पडत होता. डोळ्यांच्या पडद्यात उजेडाची वर्दी मेंदूतील घड्याळास देणाऱ्या निराळ्या पेशी असतात, हे 2002 साली दिसून आले. निळसर प्रकाशाने त्या विशेष चेततात, आणि रात्र झाल्याची खूण म्हणून शरीरात पाझरणारे मेलाटोनिन त्यामुळे मंदावते. उशाशी मोबाइल घेऊन निजणाऱ्या आमच्या नातवंडांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

तिसरी गोष्ट सांगताना मात्र आम्हांस संकोच वाटतो. खालच्या दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीचा शब्दन् शब्द वर ऐकू येत होता, आणि तिचा आवाज आमच्याच मंद झालेल्या कानांच्या बेताने लावलेला होता! शासनाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल ठरविली आहे. त्याच नियमांचा दाखला देऊन आम्ही गल्लीतील ध्वनिक्षेपकाविरुद्ध दोन वेळा अर्ज केले आहेत. सुनेने सासऱ्याविरुद्ध अर्ज कोणत्या चौकीत करावा?

असो. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. खाट पश्चिमेच्या भिंतीपासून हलविली. दिवस मावळून बाहेरची हवा निवली की खिडक्या उघडावयाच्या, असा क्रम ठेवला. जिन्यातील दिवा काढण्यास आमच्या मंडळींनी हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. रात्री उठावे लागते, अंधारात पाय घसरला तर हाड मोडावयाचे. तेव्हा घोट्याएवढ्या उंचीवर मंद तांबूस दिवा बसविला. त्याने पायरी दिसते, वर उजेड जात नाही.

डोकेदुखी पुष्कळ कमी झाली आहे. स्वभावाविषयीचे मत आम्ही मागे घेतले आहे. खोल्यांची अदलाबदल करावी हे आम्हांस पटते, पण जिना चढावयास रोज गुडघे तयार होत नाहीत. तूर्त वैशाखापुरता दिवाणखाना रात्री दहानंतर त्या दोघांचा, असे ठरले आहे. क्रिकेटचे सामने त्यापुढे लांबले, तर त्यांचा निकाल आम्ही सकाळी वर्तमानपत्रात वाचतो.