‘तात्पुरती सोय’ धर्म कधी बनते?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक गोष्ट नेहमी घडते. घाईत कोणीतरी ‘तात्पुरतं’ म्हणून कोडच्या चार ओळी लिहितो आणि पुढे नोकरी सोडून जातो. दहा वर्षांनी त्या ओळी का आहेत, हे कोणालाच ठाऊक नसतं. पण काढल्या तर सगळं कोसळेल, ही भीती सगळ्यांना असते.

दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास वाचताना मला हेच आठवलं. गोऱ्या आणि काळ्या ख्रिस्ती लोकांनी एकत्र उपासना करावी का, हा प्रश्न १८५७ मध्ये चर्चच्या सिनॉडपुढे आला. एकत्र बसणंच धर्मग्रंथाला धरून आहे, हे सिनॉडने मान्य केलं. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळं बसायची मुभाही दिली. १८८१ मध्ये गोरेतरांसाठी वेगळं चर्चच निघालं. पुढे विद्वानांनी या वेगळेपणाला बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेत आधार शोधला. १९४८ नंतर वर्णभेद सरकारी धोरण झालं, तेव्हा चर्च त्याच्या पाठीशी उभं होतं. सवलतीचा सिद्धांत झाला होता!

बेयर्स नॉडे याच चर्चचे धर्मगुरू. गोऱ्या आफ्रिकानर लोकांच्या ब्रुडरबॉन्ड या गुप्त संघटनेचे सदस्य. त्यांनी बायबल पुन्हा वाचलं आणि वर्णभेदाला त्यात आधार सापडेना. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ निदर्शकांना गोळ्या घातल्या. डिसेंबरमध्ये कॉट्सलो इथे चर्चच्या प्रतिनिधींची परिषद भरली. रंगावरून कोणालाही चर्चबाहेर ठेवता येणार नाही, असं तिने म्हटलं. पंतप्रधान फरवुर्ड नाराज झाले आणि चर्चने माघार घेतली. नॉडेंनी घेतली नाही. १९६३ मध्ये त्यांनी धर्मगुरूपद सोडलं. १९७७ ते १९८४ सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम लादला.

पण ही एका गोऱ्या माणसाची गोष्ट नाही. १८८१ मध्ये ज्यांना वेगळं काढलं, त्यांच्याच चर्चने १९८२ मध्ये ‘बेल्हार कबुली’चा मसुदा लिहून या विभागणीला श्रद्धेच्या नावाने नाकारलं. गोऱ्यांच्या चर्चने सर्व वर्णांना सदस्यत्व खुलं केलं ते १९८६ मध्ये.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या लोकांनी धर्म सोडला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे ग्रंथात आहे की आपल्या सवयीत?’ प्रश्न साधा होता, किंमत मोठी होती.

दोस्तांनो, दुसऱ्याच्या चर्चकडे बोट दाखवणं सोपं आहे. नमाजला आपण एका सफेत, खांद्याला खांदा लावून उभे राहतो. सोयरीक ठरवताना मात्र आधी बिरादरी विचारतो. हे कधीपासून चालत आलं? कोणाच्या सोयीसाठी? पुढच्या वेळी घरात स्थळाचा विषय निघेल तेव्हा अदबीने, पण मोठ्याने, एवढं विचारून पाहा.