सर, रेको देता का?

नोकरीत तीन वर्षं झाली, युनिव्हर्सिट्याही शॉर्टलिस्ट झाल्या. आता राहिली ती रेको! अमेरिकेतल्या एमएससाठी बहुतेक ठिकाणी ३ शिफारसपत्रं लागतात आणि डेडलाइन येते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा दिवाळीआधीच कॉलेजची पायरी चढा.

मागायची कुणाकडे? एचओडींचं पद मोठं, पण त्यांना तुमचा चेहरा तरी आठवतो का? त्यापेक्षा ज्या मॅडमनी तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट तीनदा परत पाठवला, त्यांना गाठा. त्यांच्याकडे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी आहे.

खरी गोची पुढेच. ‘तूच लिहून आण, मी पाठवतो,’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. सुटलो, असं वाटतं ना? पण तिन्ही पत्रं तुम्हीच लिहिलीत, तर तिन्हींत आवाज एकच. शिवाय १९७४च्या अमेरिकी कायद्याने मिळणारा पत्र बघण्याचा हक्क सोडता का, असं फॉर्ममध्ये विचारतात. तिथे ‘हो’वर टिक करायची आणि पत्र स्वतःच टाइप करायचं, हे चक्क खोटं झालं. म्हणून सरांना मार्कशीट, रेझ्युमे आणि मुद्द्यांचं एक पान द्या: काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं. वाक्यं मात्र त्यांचीच असू द्यात.

आणि बॉसची रेको? ती मागितली की तुम्ही निघालात, हे ऑफिसला कळलंच म्हणून समजा. अ‍ॅडमिशन नाही झाली तर त्याच खुर्चीत बसायचंय, एवढं डोक्यात ठेवून मगच केबिनचं दार वाजवा!