तक्रारीसकट श्रद्धांजली

१ एप्रिल १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलची शोकसभा झाली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर फेब्रुवारीत तो अचानक गेला होता, वय अवघं ५८. सभेला आलेल्या गर्दीत लू रीड होता आणि जॉन केलही होता. एकेकाळी दोघं एकाच बँडमध्ये वाजवायचे. पुढे बरीच वर्षं त्यांच्यात धड बोलणंही उरलं नव्हतं. अँडीसाठी तुम्ही दोघांनी मिळून काहीतरी करा, असं चित्रकार ज्युलियन श्नाबेलने त्यांना सुचवलं. त्यातून तीन वर्षांनी ‘साँग्स फॉर ड्रेला’ हा अल्बम आला. जुने सोबती पुन्हा एकत्र आल्याच्या बातम्या संगीताच्या दुनियेत सतत येत असतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी जुनीच गाणी पुन्हा विकण्याचा बेत असतो. या अल्बमची जातकुळी वेगळी आहे. इथे दोघांनी आपलं भांडण दाराबाहेर ठेवलं नाही, ते गाण्यातच आणलं.

भांडण काही किरकोळ नव्हतं. रीड ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, शब्दांवर हुकमत असलेला. केल वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, व्हायोला शिकलेला. दोघांचाही जन्म मार्च १९४२ मधला, आठवड्याच्या अंतराने. ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हा त्यांचा बँड उभा राहिला तो या दोघांच्या ओढाताणीवर. वॉरहॉल त्यांचा मॅनेजर झाला. त्याने बँडला आपल्या ‘फॅक्टरी’त, म्हणजे रुपेरी भिंतींच्या स्टुडिओत, तालमीला जागा दिली आणि १९६७ च्या पहिल्या अल्बमसाठी साल निघणाऱ्या केळ्याचं ते प्रसिद्ध कव्हर करून दिलं. त्याच वर्षी रीडने वॉरहॉलला मॅनेजरपदावरून दूर केलं. पुढच्या वर्षी केलची पाळी आली. तो तरी राहील किंवा मी तरी, असं रीडने बाकीच्या दोघांना बजावलं आणि निरोप सांगण्याचं काम गिटारवादक स्टर्लिंग मॉरिसनच्या गळ्यात पडलं.

म्हणजे शोकसभेला आलेल्या या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला बँडबाहेर काढलं होतं आणि ज्याच्यासाठी ते जमले होते त्यालाही त्यानेच दूर केलं होतं. अशा माणसांनी मिळून मृत्युलेख लिहायचा, तर तो कसा लिहायचा?

त्यांनी वॉरहॉललाच बोलतं केलं. बऱ्याच गाण्यांत ‘मी’ म्हणजे अँडी. पिट्सबर्गमधलं बालपण, न्यूयॉर्कमध्ये धरलेला जम, १९६८ मध्ये व्हॅलरी सोलानासने त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या आणि त्यानंतरचा भेदरलेला काळ, असा हा आयुष्यपट आहे. ‘ड्रेला’ हे वॉरहॉलचं टोपणनाव. ड्रॅक्युला आणि सिंड्रेला यांची सांगड घालून मित्रमंडळींनी ते पाडलं होतं, त्याला स्वतःला ते आवडत नसे. ‘वर्क’ नावाच्या गाण्यात अँडी रीडला विचारतो, किती गाणी लिहिलीस? एकही लिहिलेलं नसताना रीड दहा म्हणून ठोकून देतो. पंधरा लिहायला हवी होतीस, असं अँडी सुनावतो. अल्बममध्ये गाणी मोजून पंधरा आहेत. हा योगायोग असेल असं वाटत नाही. उशिराने का होईना, सांगितलेलं काम पुरं करून दिलेलं दिसतं.

वाद्यमेळ अगदी मोजका. रीडची गिटार, केलचा पियानो, कीबोर्ड आणि व्हायोला. ड्रम्स नाहीत, तिसरा माणूसच नाही. ‘इमेजेस’ गाण्यात केलचा व्हायोला एकच सूर खरवडत राहतो आणि ऐकणाऱ्याला जागचं हलू देत नाही. मराठी कानाला हा सूर पूर्णपणे परका नाही. केल १९६३ मध्ये अमेरिकेत आला आणि संगीतकार ला माँट यंगच्या गटात एकेक सूर तासन्‌तास धरून ठेवायला शिकला. यंगला लांब सुरांचं वेड लागण्यात उस्ताद अली अकबर खाँ यांच्या १९५५ च्या रेकॉर्डवरच्या तानपुऱ्याचा वाटा होता आणि पुढे १९७० मध्ये तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. मिरजेने आणि पुण्याने ज्या घराण्यावर जीव टाकला त्या घराण्याशी नातं सांगणारी ही सुराची ओढ, न्यूयॉर्कच्या रॉकमध्ये वेगळ्या वाटेने शिरली.

अल्बमचा गाभा मात्र ‘अ ड्रीम’ या तुकड्यात आहे. वॉरहॉलच्या रोजनिशीतल्या नोंदींच्या धाटणीवर बेतलेलं हे साडेसहा मिनिटांचं निवेदन केल आपल्या संथ वेल्श आवाजात बोलतो. झोप न येणारा, एकटा पडलेला अँडी जुन्या माणसांची उजळणी करतो. लूने लग्नाला बोलावलं नाही. एका समारंभात जवळ बसूनही त्याने ओळख दाखवली नाही. शेवटी लूबद्दल तिरस्कार वाटतो, असंही अँडी उघड सांगून टाकतो. आता हे कोण कोणाला ऐकवतंय ते पाहावं. अल्बममधले शब्द मुख्यतः रीडचे. म्हणजे स्वतःवरचं आरोपपत्र रीडने स्वतः लिहिलं आणि ज्याला आपण हाकललं होतं त्याच्याच हाती वाचायला दिलं. त्या वेळी रीड शेजारी गिटार घेऊन साथ करत होता.

शेवटचं ‘हॅलो इट्स मी’ हे गाणं रीडचं, थेट अँडीशी बोलणारं. जिवंतपणी बोलायला हवं होतं, ही खंत त्यात आहे, माफीही आहे. पण तिथेही तो खोटं बोलत नाही. काही गोष्टी अजून मनात सलतात आणि तुझी रोजनिशी हा तुला शोभणारा मृत्युलेख नव्हे, असंही तो सांगतो.

आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की घरची माणसं पुढे होतात आणि राहून गेलेलं मोठ्याने बोलतात. त्या घाटावर कोणी भाषण करत नाही, कारण तिथे खरं बोलल्याशिवाय सुटका नसते. आपल्या शोकसभांत मात्र गेलेला माणूस अजातशत्रू होतो, मनमिळाऊ होतो, त्याच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण होते. वर्तमानपत्रातला लेखही त्याच सुरात निघतो. अशा लेखांत तो माणूस कुठेच सापडत नाही. रीड आणि केल यांनी वॉरहॉलला चिकट, हळवा, कष्टाळू, रुसका, एकटा असा ठेवला, म्हणून तो त्या गाण्यांत जिवंत आहे.

या कामाने दोघांची मैत्री मात्र जुळली नाही. बहुतेक काम लूने केलं, पण माझा मान त्याने राखू दिला, अशा अर्थाचं टिपण केलने अल्बमसोबत लिहिलं. त्यातला ताण लपत नाही. जून १९९० मध्ये पॅरिसजवळ वॉरहॉलच्या प्रदर्शनात दोघांनी ही गाणी वाजवली, तेव्हा बँडमधले बाकीचे दोघे, मॉरिसन आणि मोरीन टकर, हेही मंचावर आले. १९९३ मध्ये अख्खा बँड युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि पुन्हा भांडून मोडला. त्या दौऱ्याच्या रेकॉर्डमध्ये जुनी गाणी आहेत, टाळ्या आहेत, पण ‘ड्रेला’तली धार नाही. १९६८ नंतर या दोघांनी एकत्र केलेल्या कामात ‘ड्रेला’इतकं मोलाचं दुसरं काही नाही.

डिसेंबर १९८९ मध्ये ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये एड लॅकमनने या गाण्यांचं चित्रीकरण प्रेक्षकांविना केलं. अंधारात दोन माणसं बसलेली, एकमेकांच्या नजरेकडे पाहून सूर उचलणारी. नव्याने उजळलेली ही फिल्म २०२० मध्ये पुन्हा लोकांसमोर आली. तोपर्यंत रीडला जाऊन सात वर्षं झाली होती. वाचकांनी ती जरूर पाहावी, किंवा निदान अल्बम तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकावा. तासाभराच्या आत संपतो.