निवाडा आधी, पुरावा मागाहून

डिसेंबर २०१९ मधील गोष्ट. आम्हा काही साहित्यप्रेमी स्नेह्यांची काव्यवाचनाची बैठक आदिलाबादेत भरली होती. त्या दिवशी वाचल्या गेलेल्या बहुतेक कवितांचा विषय एकच होता : पोलिसांच्या बंदुकीतून सुटलेली गोळी. गोळीला कोणी दुर्गा म्हटले, कोणी न्यायदेवता. प्रत्येक कवितेला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हे आरंभीच कबूल करतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते इतरांना उपदेश करण्याच्या हेतूने नव्हे.

पार्श्वभूमी वाचकांच्या स्मरणात असेलच. २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री हैदराबादजवळ शमशाबाद येथे एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. ‘दिशा’ या नावाने ते प्रकरण देशभर गाजले. चार संशयित पकडले गेले. शादनगरच्या वकिलांनी त्यांची बाजू घेण्यास नकार दिला. ६ डिसेंबरच्या पहाटे तपासासाठी म्हणून चट्टानपल्लीला नेलेले ते चौघेही पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले. लोकांनी पोलिसांवर पुष्पवृष्टी केली, मिठाई वाटली. आरोपपत्र नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही; आणि तरीही निवाडा झाला होता.

दुसऱ्याच दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी, सूडाचे रूप घेतले की न्याय हा न्याय राहत नाही, अशा आशयाचा इशारा दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास शिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. दोघेही आपल्या शेजारच्या विदर्भातले. आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये अहवाल दिला व मे महिन्यात तो उघड झाला. पोलिसांनी सांगितलेली चकमकीची हकीकत विश्वासार्ह नाही, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, आणि ठार झालेल्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारसही त्याने केली.

हा अहवाल हाती येताच काही मंडळींनी त्या दहा जणांना खुनी ठरवून टाकले. मला हेही मान्य नाही. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. जी संधी त्या चौघांना मिळाली नाही ती या दहा जणांना मिळालीच पाहिजे. नाहीतर आपली तक्रार अन्यायाविषयी नव्हती, केवळ पक्षाविषयी होती, असे सिद्ध होईल.

मी महसूल खात्यात उभी हयात घालवली. १९९० च्या दशकात मंडल महसूल अधिकारी असताना एका नवविवाहितेच्या मृत्यूचा पंचनामा करण्याचा प्रसंग आला. विहिरीभोवती शे-दोनशे माणसे जमली होती. ‘साहेब, दिराचं नाव लिहा, साऱ्या गावाला ठाऊक आहे,’ असा एकच घोष चालला होता. कोणी पाहिले, असे विचारले की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवी. मी लिहिले ते एवढेच : अंगावरील खुणा, विहिरीचा काठ, पाण्याची पातळी, वस्त्रांची स्थिती. लोक संतापले. मृत मुलीचा बाप मात्र शांतपणे म्हणाला, ‘साहेब, जे दिसलं तेच लिहा. खोटं लिहिलं तर उद्या खराही सुटेल.’ त्या निरक्षर माणसाला न्यायशास्त्र आम्हा पदवीधरांहून अधिक कळत होते.

त्याच्या म्हणण्याचा प्रत्यय पाहायचा तर महाराष्ट्रातले एक प्रकरण पाहावे. जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका मळ्यात दरोडा पडला, पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातींतील सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. ती गोष्ट दडवली गेली होती. सहा निरपराध्यांची सोळा वर्षे गेली, हे तर झालेच. पण त्या स्त्रीचे काय? तिने ज्यांच्याकडे बोट दाखवले त्यांच्याकडे तपास वळलाच नाही. नाशिकला त्या वेळी कोणी पहाटेच गोळ्या झाडल्या असत्या, तर आपण त्यावरही कविता केल्या असत्या!

कोणी म्हणेल, न्यायालयांच्या दिरंगाईने लोकांचा धीर सुटतो. खरे आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील गुन्ह्याची शिक्षा अमलात यायला मार्च २०२० उजाडला. परंतु उशिरावरचा उपाय लवकर सुनावणी हा आहे, सुनावणीच टाळणे हा नव्हे. याचे उदाहरण आपल्याच दाराशी आहे. दिशा प्रकरणाच्या तीनच दिवस आधी, २४ नोव्हेंबर २०१९ रोजी, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील लिंगापूर मंडलात गावोगाव फिरून किरकोळ वस्तू विकणाऱ्या एका दलित स्त्रीवर असाच अत्याचार होऊन तिची हत्या झाली. तिला ‘समता’ हे नाव मिळाले. आरोपींसाठी येथीलही वकील पुढे येईनात, तेव्हा न्यायालयाने वकील नेमून दिला. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. दोन महिने सहा दिवसांनी, ३० जानेवारी २०२० रोजी, आदिलाबादच्या विशेष न्यायालयाने तिघांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. फाशी असावी की नसावी, इतक्या घाईत बचावाला पुरेसा अवसर मिळतो काय, हे प्रश्न आहेतच. परंतु ते विचारता येतात, कारण निकालपत्र आहे, आणि त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागता येते. गोळीला निकालपत्र नसते आणि तिच्यावर अपीलही नसते.

लिंगापूरच्या त्या फिरत्या विक्रेतीवर आमच्या बैठकीत एकही कविता वाचली गेली नाही, हेही येथे नोंदवतो. जिच्यासाठी गोळी झाडली गेली ती आमची नायिका झाली; जिच्यासाठी साक्षीपुरावे झाले ती आमच्या शेजारची असूनही आमच्या शब्दांत आली नाही. आमचा कळवळा मृत स्त्रीविषयी होता की बंदुकीच्या आवाजाविषयी?

दिशाच्या मारेकऱ्यांचा अपराध आता कोणत्याही न्यायालयात शाबीतही होणार नाही आणि नाशाबीतही होणार नाही. तिच्या घरच्यांना मृत्युदाखला मिळाला, निकालपत्र कधीच मिळणार नाही. ते त्यांच्या हातून हिसकावणाऱ्यांत, टाळ्या वाजवणारा मीही होतो.